हायपोथायरॉइड आणि हायपरथायरॉइड: दोन शब्दांत नेमका फरक काय?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या 34 वर्षांच्या वहिनींच्या रक्ततपासणीत टीएसएच 14.2 आणि फ्री टी-4 0.6 आला. टीएसएचच्या आकड्यापुढे प्रयोगशाळेने ‘हाय’ असा शेरा छापला आहे. डॉक्टरांनी मात्र चिठ्ठीवर ‘हायपोथायरॉइड’ असे निदान लिहून थायरॉक्सिनची 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. ‘हाय’ म्हणजे ‘हायपर’ असे शेजारच्यांनी सांगितल्यामुळे घरात शंका निर्माण झाली असून, निदान उलटे तर झाले नाही ना आणि गोळी थांबवावी काय, असे आपण विचारले आहे. उत्तर आधी देतो आणि मग कारणांकडे वळतो: आपण दिलेल्या आकड्यांवरून निदान बरोबर दिसते, गोळीही योग्य आहे, आणि ती मनाने थांबवू नये.

शेजाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण हा गोंधळ सुशिक्षित घरांतही नित्य होतो. अहवालातला ‘हाय’ हा ‘जास्त’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द आहे आणि ‘हायपर’ या ग्रीक उपसर्गाशी त्याचे कोणतेही नाते नाही. देवनागरीत लिहिले की दोन्ही ‘हाय’ सारखेच दिसतात, एवढाच तो योगायोग. आणि तसे पाहिले तर ‘हायपो’ची सुरुवातही ‘हाय’नेच होते. त्यातच ‘हायपर’ हा शब्द आता मराठीत चांगलाच रुळला आहे. ‘उगाच हायपर होऊ नकोस’ असे आपण घरात सहज म्हणतो, ‘हायपरअ‍ॅक्टिव्ह’ मुलांविषयी शाळेत बोलले जाते. ‘हायपो’ला बोलीभाषेत असे घर मिळालेले नाही. त्यामुळे घाईत उच्चारलेला, फोनवरून ऐकलेला किंवा डॉक्टरी अक्षरात लिहिलेला ‘हायपो’ ऐकणाऱ्याच्या मनात ओळखीचा ‘हायपर’ होऊन बसतो. मोठ्याने वाचून पाहिल्यास लक्षात येईल की या दोन लांबलचक शब्दांत फरक फक्त मधल्या एका अक्षराचा, ‘पो’ आणि ‘पर’ यांचा आहे, आणि बोलण्याच्या ओघात नेमके तेच अक्षर गिळले जाते.

मूळ ग्रीकमध्ये ‘हायपर’ म्हणजे वर किंवा पलीकडे, आणि ‘हायपो’ म्हणजे खाली. मराठी माणसाला हे लक्षात ठेवणे इंग्रजी माणसापेक्षा खरे तर सोपे जावे, कारण ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या भाषा असल्यामुळे या दोन्ही उपसर्गांचे सख्खे भाऊबंद आपल्याकडे आहेत. ‘हायपर’ म्हणजे संस्कृतातला ‘उपरि’, आणि ‘हायपो’ म्हणजे ‘उप’. उपजिल्हाधिकारी हा जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा, उपविभाग हा विभागाच्या खालचा. तो ‘उप’ आणि हा ‘हायपो’ एकाच मुळाचे. वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना मी हीच खूण सांगतो आणि ती सहसा विसरली जात नाही. थायरॉइड, म्हणजे मानेच्या पुढच्या भागात श्वासनलिकेला बिलगून असलेली अवटू ग्रंथी, गरजेपेक्षा कमी संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार करू लागली की तो हायपोथायरॉइडिझम. आणि रक्तात हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाले की तो हायपरथायरॉइडिझम. कमी आणि जास्त हे विशेषण संप्रेरकाचे आहे. अहवालातल्या पहिल्या आकड्याचे नाही. आपल्या घरातला गोंधळ नेमका इथे झाला आहे.

अहवालात सर्वांत ठळकपणे दिसणारा टीएसएच हा थायरॉइडचा स्राव नव्हेच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून, म्हणजे पीयूषिकेतून येतो आणि थायरॉइडला काम करण्याचा हुकूम देतो. खुद्द थायरॉइडची संप्रेरके म्हणजे टी-4, म्हणजेच थायरॉक्सिन, आणि टी-3. शेतावरचा मुकादम मजूर नीट काम करत असले की हळू आवाजात बोलतो, काम रेंगाळले की त्याचा आवाज चढतो, आणि मजूर न सांगता दुप्पट राबू लागले तर तो तोंड मिटून बसतो. पिट्युटरीचे वागणे असेच असते. रक्तातला टी-4 कमी झाला की टीएसएच वाढतो, टी-4 जास्त झाला की टीएसएच दबतो. म्हणून टीएसएच ‘हाय’ असणे म्हणजे बहुतेक वेळा हायपोथायरॉइड, आणि टीएसएच 0.1 च्याही खाली जाणे म्हणजे बहुधा हायपरथायरॉइड. प्रौढांसाठी टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा 0.4 ते 4.5 च्या आसपास धरली जाते, प्रयोगशाळेगणिक त्यात थोडा फरक पडतो. वहिनींचा 14.2 हा त्याच्या बराच वर आहे. फ्री टी-4 ची खालची मर्यादा बहुतेक प्रयोगशाळांत 0.8 ते 0.9 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते, त्यामुळे त्यांचा 0.6 स्पष्टपणे कमी आहे. दोन्ही आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि ती दिशा ‘हायपो’ची आहे.

टीएसएचचा आकडा सरळ पटीत वाचायचा नसतो, हेही येथेच सांगतो. फ्री टी-4 निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट नव्हे, तर सुमारे शंभरपट वाढू शकतो, इतका हा हुकूम संवेदनशील आहे. म्हणून ‘माझा आठ आहे, तिचा चार आहे, म्हणजे माझा आजार दुप्पट’ हा हिशेब चुकीचा ठरतो. टीएसएच 4.5 ते 10 च्या दरम्यान असून टी-4 व्यवस्थित असेल तर त्याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात आणि अशा अनेकांना लगेच गोळीची गरज नसते. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा केली की कित्येकदा आकडा आपोआप खाली आलेला असतो. वयोवृद्धांत तर थोडा चढा टीएसएच वयानुरूप मानला जातो. माझ्या मते अशा सौम्य अहवालांवर आपल्याकडे गोळी जरा लवकरच सुरू होते, आणि एकदा सुरू झालेली गोळी थांबवून पाहण्याचे धाडस मग कोणी करत नाही. वहिनींचे प्रकरण मात्र त्यात मोडत नाही.

टीएसएच उलटा वाचावा या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पिट्युटरीच निकामी झाली असेल तर हुकूमच निघत नाही. मग टी-4 कमी असूनही टीएसएच कमी किंवा वरवर पाहता सामान्य दिसतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीला नंतर दूध न येणे, पाळी सुरू न होणे आणि सतत थकवा राहणे, अशी लक्षणे असतील तर हा विचार करावा लागतो. केवळ टीएसएचची स्वस्त तपासणी करून ‘थायरॉइड नॉर्मल’ म्हटले की असा रुग्ण निसटतो. म्हणून शंका असेल तेव्हा टी-4 सोबत पाहिलाच पाहिजे.

आता लक्षणांविषयी. हायपोथायरॉइडमध्ये शरीराचा सगळा कारभार मंदावतो: थंडी सहन होत नाही, बद्धकोष्ठता होते, त्वचा कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, नाडी मंद चालते, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, कोलेस्टेरॉल चढते आणि वजन थोडे वाढते. ‘थोडे’ या शब्दावर मी जोर देतो, कारण पंधरा-वीस किलोंचा सगळा भार थायरॉइडवर टाकण्याची प्रथा पडली आहे आणि ती खरी नाही. हायपरथायरॉइडमध्ये याच्या उलट उकाडा सहन होत नाही, घाम फुटतो, छातीत धडधडते, हाताची बोटे पुढे पसरली की बारीक थरथरतात, दिवसातून अनेकदा शौचास होते, झोप लागत नाही आणि भूक चांगली असूनही वजन उतरते. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते; ओपीडीत ती इतकी स्वच्छ नसते. केस गळणे, थकवा, पाळीची अनियमितता, मूल न राहणे आणि मानेवर गाठ किंवा गलगंड दिसणे, या तक्रारी दोन्हीकडे आढळतात. साठीच्या पुढच्या माणसाला हायपरथायरॉइड झाला तरी तो चिडका किंवा अस्वस्थ दिसेलच असे नाही. तो नुसताच मलूल होतो, जेवण कमी करतो, आणि हृदयाचे ठोके अनियमित झाल्यावर एखाद्या दिवशी ईसीजी काढताना आजार सापडतो. तेव्हा लक्षणांची यादी वाचून ‘मला हायपो आहे की हायपर’ हे घरी ठरवण्याचा प्रयत्न करू नये.

या दोन अवस्था एकमेकींच्या किती उलट आहेत, हे वैद्यकाला बरीच किंमत मोजून कळले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत निष्णात होते. त्यांनी काही रुग्णांची थायरॉइड ग्रंथी पूर्णपणे काढून टाकली आणि नंतर त्या रुग्णांची पाहणी केली तेव्हा अनेक जण सुजलेले, मंद आणि थंडीने गारठणारे झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. 1883 मध्ये त्यांनी हे प्रांजळपणे प्रसिद्ध केले. ग्रंथी नसल्याने काय होते, म्हणजे आजच्या भाषेत पराकोटीचा हायपोथायरॉइड, याचा तो भक्कम पुरावा होता. थायरॉइडवरील कामासाठी कोखर यांना 1909 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान 1891 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी अशाच अवस्थेतील एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून पाहिला. ती सुधारली आणि त्यानंतर तब्बल 28 वर्षे जगली. जे कमी आहे ते बाहेरून द्यायचे, हे हायपोथायरॉइडच्या उपचाराचे तत्त्व तेव्हापासून आजतागायत तेच आहे, फक्त मेंढीच्या अर्काची जागा कारखान्यात बनवलेल्या शुद्ध लिव्होथायरॉक्सिनने, म्हणजे वहिनींच्या थायरॉक्सिनच्या गोळीतल्या औषधाने, घेतली. हायपरथायरॉइडमध्ये काम उलट असते. तिथे ग्रंथीला आवरायचे असते, आणि त्यासाठी कार्बिमाझोल, किरणोत्सर्गी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत.

उपचार असे परस्परविरुद्ध असल्यामुळेच ‘मला थायरॉइड आहे’ हे आपल्याकडचे वाक्य मला फार खटकते. थायरॉइड प्रत्येकालाच असतो. ‘बीपी आहे’ म्हटले की दाब जास्त आहे असे तरी समजते, ‘शुगर आहे’ म्हटले की मधुमेह कळतो. ‘थायरॉइड आहे’ म्हटल्यावर मात्र काहीच कळत नाही, आणि ऐकणारा डॉक्टर हायपोथायरॉइड जास्त आढळतो म्हणून तोच गृहीत धरतो. एखाद्या तातडीच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ फाइल उघडतो आणि तिथे जुन्या डिस्चार्ज कार्डावर ‘थायरॉइडचा रुग्ण, गोळी चालू’ एवढेच लिहिलेले असते. आवाक्यात न आलेला हायपरथायरॉइड असेल तर शस्त्रक्रियेच्या ताणाने ताप, प्रचंड धडधड आणि गोंधळलेली मनःस्थिती अशी ‘थायरॉइड स्टॉर्म’ नावाची जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. उपचार न झालेला तीव्र हायपोथायरॉइड असेल तर भुलीतून बाहेर यायला वेळ लागतो आणि श्वास मंदावतो. त्या एका ओळीवरून भूलतज्ज्ञाला कशाची तयारी करायची ते कळत नाही.

फाइलमध्ये शब्द सापडला नाही, किंवा सापडला पण वाचता आला नाही, तर मी गोळ्यांची बाटली किंवा पट्टी मागवतो. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स यांपैकी काही असेल तर ते लिव्होथायरॉक्सिन आहे आणि त्यावर 25, 50, 75, 100 असे आकडे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ‘एमसीजी’ असे छापलेले असतात. निओ-मर्काझोल असेल तर ते कार्बिमाझोल आहे आणि त्यावरचे 5, 10, 20 हे आकडे मिलिग्रॅममध्ये, म्हणजे ‘एमजी’ असतात. थायरॉइडच्या गोळीवर एमसीजी असेल तर रुग्ण जवळजवळ नक्की हायपो, किंवा ग्रंथी काढल्यानंतरचा. एमजी असेल तर हायपर. ही खूण रुग्णाच्या नातेवाइकांनाही वापरता येते आणि मेडिकल दुकानात औषध बदलून आले तर ते ओळखताही येते. कार्बिमाझोल घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: हजारात दोन ते पाच जणांत या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, म्हणून ताप किंवा घसा दुखू लागल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तपेशींची तपासणी करावी. लिव्होथायरॉक्सिनला ही सूचना लागू नाही. शेजारणीची सूचना आपल्याला लागू करून घेण्यात धोका असतो तो असा.

एकच व्यक्ती काही महिन्यांच्या अंतराने दोन्ही शब्दांची धनी होऊ शकते, आणि तेव्हा घरच्यांची खात्रीच होते की कोणीतरी डॉक्टर चुकला. बाळंतपणानंतर काही स्त्रियांत थायरॉइडला प्रतिकारशक्तीमुळे सूज येते. पहिल्या काही महिन्यांत ग्रंथीत साठलेले संप्रेरक रक्तात झिरपते आणि अहवाल हायपरथायरॉइडचा येतो. साठा संपला की पुढचे काही महिने हायपोथायरॉइडचा येतो. आणि वर्षभरात बहुतेक जणी पूर्ववत होतात. या पहिल्या टप्प्यात कार्बिमाझोलचा उपयोग होत नाही, कारण ते नवे संप्रेरक तयार होण्याला अटकाव करते, साठलेल्याला नाही. ग्रेव्हज आजाराचा, म्हणजे ग्रंथी खरोखरच जास्त राबत असल्याचा, हायपरथायरॉइड याहून वेगळा असतो. हा आजार डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 मध्ये वर्णिला. त्यात डोळे पुढे आल्यासारखे दिसू शकतात, आणि अणुवैद्यकातील स्कॅनमध्ये ग्रंथी उजळून निघते, तर सुजेच्या प्रकारात ती जवळजवळ दिसतच नाही. स्तनपान चालू असेल तर हा स्कॅन करावा की नाही ते आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागते. ग्रेव्हजच्या रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन दिले तर काही महिन्यांनी तो बहुधा हायपोथायरॉइड होतो आणि आयुष्यभर थायरॉक्सिन घेतो. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून आहे आणि महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांनी या उपचारासाठी तिथली वाट धरली आहे. त्यांच्या फायलींत एका पानावर हायपर आणि पुढच्या पानावर हायपो असते. दोन्ही बरोबर असतात. इथे दुसरी अवस्था हा अपघात नसून पत्करलेला परिणाम आहे, कारण रोज एक गोळी घेऊन हायपोथायरॉइड सांभाळणे हे अनियंत्रित हायपरथायरॉइड हृदयाला सोसायला लावण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

वहिनींचे वय पाहता गरोदरपणाचा विषय टाळता येत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत टीएसएच नैसर्गिकरीत्याच थोडा उतरतो, आणि तो पाहून ‘हायपर झाला’ असे घाईने म्हणू नये. हायपोथायरॉइड असलेल्या स्त्रीची थायरॉक्सिनची गरज मात्र गर्भ राहताच साधारण पाव ते एक तृतीयांश पटीने वाढते, म्हणून पाळी चुकल्याचे कळताच डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्यावा. या काळात ‘गरोदरपणात गोळ्या नकोत’ म्हणून थायरॉक्सिन बंद करणाऱ्या सासवा आणि आया मला अजूनही भेटतात. बाळाच्या मेंदूच्या वाढीला सुरुवातीचे काही महिने आईचेच थायरॉक्सिन पुरवावे लागते, त्यामुळे हा सल्ला उलटा आहे. हायपरथायरॉइड असलेल्या स्त्रीने मात्र मूल होऊ देण्याचा विचार करतानाच डॉक्टरांशी बोलावे, कारण पहिल्या तिमाहीत कार्बिमाझोल टाळून प्रोपिलथायोयुरासिल हे दुसरे औषध निवडले जाते.

मिठाविषयीही अनेकांचा प्रश्न असतो. आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो हे खरे, आणि त्यासाठीच भारताने 1962 मध्ये गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. पण आज शहरांत दिसणारा प्रौढांचा हायपोथायरॉइड मुख्यतः हाशिमोतोच्या आजाराचा, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथी झिजण्याचा असतो. त्यात आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन लाभ होत नाही, आणि बंद करूनही होत नाही. नेहमीचे मीठ नेहमीइतकेच खावे.

वहिनींसाठी आता एवढेच उरते. साठ किलोच्या आसपास वजन असलेल्या आणि ग्रंथी पूर्ण थकलेल्या माणसाला शेवटी रोज सुमारे 100 मायक्रोग्रॅम लागतात, त्यामुळे 50 ही सुरुवात आहे आणि पुढे डोस वाढला तर आजार बळावला असे समजू नये. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर चहासाठीही अर्धा ते एक तास थांबावे. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती चार तासांनी. थायरॉक्सिनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून नवा डोस स्थिरावायला पाच-सहा आठवडे द्यावे लागतात आणि त्याआधी केलेली तपासणी फसवी ठरते. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत टीएसएच आणि फ्री टी-4 दोन्ही पुन्हा करावेत, रक्त दिल्यानंतरच त्या दिवशीची गोळी घ्यावी. केस गळतात म्हणून त्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असतील तर त्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवाव्यात, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-4 खोटा जास्त दिसतो, आणि नीट चाललेल्या हायपोथायरॉइडच्या अहवालावर हायपरथायरॉइडचे चित्र उमटते.